अमेरिकेत ‘फुकट’ मिळालेला फोन भारतात पाठवण्यापूर्वी

अमेरिकेत नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिल्या काही आठवड्यांत ज्या गोष्टी कराव्याच लागतात त्यांत मोबाइलचे कनेक्शन येते, आणि नेमकी त्याच वेळी ‘नवी लाइन घ्या, नवा फोन फुकट न्या’ ही जाहिरात जिकडेतिकडे दिसत असते. न्यू जर्सीत या जाहिरातीपायी आमची जी फसवणूक झाली तिची हकीकत मी सविस्तर लिहीत आहे, कारण दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शिकायला येणारी मुले आणि कंपनीच्या बदलीवर येणारी जोडपी अशाच दुकानांत जातात. कंपनीचे आणि दुकानाचे नाव देत नाही. देशातल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांपैकी ती एक आहे एवढे पुरे. नाव बदलले तरी अशा करारांचा घाट फारसा बदलत नाही.

भारतातून येणाऱ्या माणसाच्या डोक्यात फोन आणि सिम कार्ड या दोन वेगळ्या वस्तू असतात. कंपनी आवडली नाही तर नंबर पोर्ट करायचा, फोन तोच ठेवायचा, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. अपवाद आपल्याकडेही झाले आहेत. २००३ साली रिलायन्सच्या ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपये भरून घरोघरी आलेले सीडीएमए हँडसेट दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नसत, आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये भारतात आलेला आयफोन थ्रीजी एअरटेल आणि व्होडाफोन या दोनच कंपन्यांकडे, तोही ३१ हजार रुपयांना, मिळत असे. परंतु हे अपवादच राहिले, आणि म्हणून दुकानात फोन हातात घेताना तो कोणत्या कंपनीशी बांधलेला आहे हे विचारण्याची गरज आपल्याला सहसा वाटत नाही. अमेरिकेत मात्र मोबाइल कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला फोन बहुतेक वेळा त्या कंपनीच्या नेटवर्कपुरता लॉक केलेला असतो.

मी तो प्रश्न विचारला होता. आम्हाला दोन लाइन आणि दोन फोन हवे होते, त्यांपैकी एक फोन पुढेमागे पुण्याला माझ्या वडिलांना देण्याचा विचार होता, आणि म्हणून काउंटरवरच्या तरुणाला मी स्पष्टपणे विचारले की हा फोन भारतात चालेल ना. त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की जगात कुठेही चालेल. हे उत्तर शब्दशः खोटे नव्हते. त्यांचेच अमेरिकन सिम घालून, दिवसाला दहा-बारा डॉलर रोमिंगचे भरले, तर तो फोन पुण्यातही चालतो. पुण्यातले सिम घातले तर चालत नाही. विचारणाऱ्याच्या मनात काय आहे हे ठाऊक असताना शब्दांपुरते खरे बोलायचे, ही या धंद्यातली जुनी हातोटी असावी.

दुकानाच्या पाटीवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत होते आणि खाली बारीक अक्षरांत ‘ऑथराइज्ड रिटेलर’ असे लिहिलेले होते. या दोन शब्दांचा अर्थ असा की ते दुकान कंपनीचे नसून परवाना घेतलेल्या वेगळ्या व्यापाऱ्याचे असते, आणि तिथल्या विक्रेत्याची कमाई बरीचशी त्याने किती लाइन, किती विमे आणि किती वस्तू खपवल्या यावर ठरते. सही आम्ही कागदावर केली नाही. टॅब्लेटवर एकामागून एक पडदे येत गेले, तो तरुण बोटाने ते वर सरकवत राहिला आणि शेवटी एक रिकामी चौकट समोर धरून ‘इथे सही करा’ म्हणाला. कराराची पूर्ण प्रत ईमेलने आली ती आम्ही घरी पोहोचल्यानंतर.

आता ‘फुकट’ या व्यवहाराचे अंतरंग. समजा फोनची किंमत १००० डॉलर आहे. ती ३६ महिन्यांत विभागली की दरमहा २७.७८ डॉलरचा हप्ता होतो, आणि बिलात तो हप्ता पूर्ण लावला जातो. त्याच बिलात खाली तेवढ्याच रकमेची वजावट दिसते, जिला येथे ‘बिल क्रेडिट’ म्हणतात. म्हणजे फोन पहिल्या दिवशी फुकट होत नाही. तो दर महिन्याला एक छत्तिसांश या गतीने फुकट होत जातो, आणि तेही ठरावीक महागड्या प्लॅनवर टिकून राहिलात तर. अठराव्या महिन्यात कंपनी सोडायची ठरवली तर उरलेली क्रेडिट्स तिथेच संपतात आणि बाकीचे ५०० डॉलर एकदम भरावे लागतात. स्वस्त प्लॅनवर उतरलात तरी अनेक योजनांत हेच घडते. शिवाय विक्री पूर्ण किमतीला झालेली असल्यामुळे न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर पूर्ण १००० डॉलरवर, म्हणजे सुमारे ६६ डॉलर, पहिल्याच दिवशी द्यावा लागतो, आणि प्रत्येक लाइनमागे सुरू करण्याचे शुल्क वेगळे. आमच्या बाबतीत ते ३५ डॉलर होते. ज्या प्लॅनवर ही योजना लागू होती त्याचे एका लाइनचे मासिक भाडे आणि साध्या प्रीपेड कंपनीचे भाडे यांतला फरक ३६ ने गुणून पाहिला, तर फोनची किंमत कुठून वसूल होते हे कोणाच्याही लक्षात येईल.

पहिले बिल आले तेव्हा त्यात दोनऐवजी तीन लाइन होत्या. तिसरा नंबर आम्ही कधी पाहिलेला नव्हता. दोन्ही फोनचा विमाही लावलेला होता, प्रत्येकी महिन्याला १७ डॉलरच्या वर, आणि तो घेतो असे आमच्यापैकी कोणीही म्हटलेले नव्हते. फोन परत करण्याची मुदत १४ दिवसांची होती आणि पहिले बिल त्यानंतर आले. मुदत आणि बिल यांच्या तारखा अशा जुळवलेल्या असतात हा योगायोग आहे असे मला आता वाटत नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केल्यावर उत्तर मिळाले की क्रेडिट सुरू व्हायला एक-दोन बिले जातात, तोपर्यंत रक्कम जास्त दिसणारच, तुम्ही थांबा. क्रेडिटबाबत हे खरे होते आणि म्हणूनच ते उत्तर सोयीचे होते, कारण त्या गडबडीत तिसऱ्या लाइनचा विषय पुढच्या महिन्यावर गेला. पुढच्या महिन्यात सांगण्यात आले की लाइन दुकानाने जोडली आहे, तुम्ही दुकानाशी बोला. दुकानात गेल्यावर तो तरुण तिथे नोकरीला नव्हता, आणि व्यवस्थापकाने आम्हाला टॅब्लेटवरची आमचीच सही दाखवली. फोनची योजना तिसऱ्या लाइनवर अवलंबून आहे, ती बंद केली तर क्रेडिट जाईल, असेही त्याने वर सांगितले. ईमेलने आलेल्या करारात असे काही लिहिलेले नव्हते.

दरम्यान माझ्या नवऱ्याला कार्यालयाकडून फोन मिळाला, तेव्हा आम्ही त्याचा जवळजवळ नवा अँड्रॉइड फोन एका नातेवाइकाबरोबर पुण्याला पाठवला. हप्ते आम्ही इथून भरतच होतो. बाबांनी कोथरूडच्या घरी बसून त्यात आपले सिम घातले आणि मला व्हिडिओ कॉल केला. “अगं, हे कार्डच घेत नाहीये. नेटवर्क लॉक्ड सिम कार्ड इन्सर्टेड असं काहीतरी येतंय वर,” असे म्हणत त्यांनी तो फोन टॅबच्या कॅमेऱ्यासमोर धरला. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने दोन हजार रुपयांत लॉक तोडून देतो असे सांगितले होते, आणि मी नको म्हटले. असे तोडलेले लॉक पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर परत बसू शकते, आणि अनोळखी माणसाच्या संगणकाला जोडलेल्या फोनमध्ये बाबांचे बँकेचे अ‍ॅप ठेवायची माझी तयारी नव्हती.

मी कंपनीकडे रीतसर अनलॉकची विनंती केली. उत्तर आले की फोनचे पूर्ण पैसे फिटल्याशिवाय लॉक काढता येणार नाही. ठीक आहे, उरलेले सगळे हप्ते आजच भरते, असे म्हटल्यावर सांगण्यात आले की तसे केल्यास उरलेली क्रेडिट्स बंद होतील, कारण क्रेडिट हे हप्त्यावर आहे आणि हप्ताच उरला नाही तर वजावट कशातून करणार. वाचकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. फोन फुकट हवा असेल तर तो तीन वर्षे लॉक राहणार, आणि लॉक काढायचा असेल तर तो फुकट राहणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच फोनबद्दल कधीच एकत्र खऱ्या होत नाहीत. दुकानात आम्हाला मात्र दोन्ही एका वाक्यात सांगितल्या गेल्या होत्या.

हे बेकायदेशीर नाही का, असा प्रश्न मलाही पडला आणि त्याचे उत्तर निराशाजनक आहे. अमेरिकेत फोन आणि कंपनी यांची सांगड फार जुनी आहे. २००७ च्या जूनमध्ये आयफोन बाजारात आला तो केवळ एटी अँड टीकडे, दोन वर्षांच्या करारासह, आणि ग्राहकाने ४९९ किंवा ५९९ डॉलर मोजूनही त्याला दुसरी कंपनी निवडता येत नव्हती. पुढच्या वर्षी आयफोन थ्रीजी १९९ डॉलरला मिळू लागला तेव्हा लोकांना तो स्वस्त झाला असे वाटले, पण उरलेली किंमत मासिक भाड्यात मिसळलेली होती. ज्या गावांत त्या कंपनीचे जाळे पोहोचलेले नव्हते तिथल्या लोकांना पैसे असूनही तो फोन वापरता येत नव्हता, आणि २००९ मध्ये अशा मक्तेदारीच्या करारांवर सिनेटच्या समितीपुढे सुनावणीही झाली. आयफोन व्हेरायझन या दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे यायला २०११ चा फेब्रुवारी उजाडला. २०१३ च्या जानेवारीनंतर तर घेतलेल्या नव्या फोनचा लॉक कंपनीच्या परवानगीशिवाय काढणे प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याचा भंग ठरू लागले होते; त्यावर ओरड झाली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये वेगळा कायदा करून ग्राहकाला तो हक्क परत देण्यात आला. पण त्या कायद्याने ग्राहकाला लॉक काढायची मुभा दिली, कंपनीवर लॉक न लावण्याचे बंधन घातले नाही. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकण्यावरच बंदी घातली, त्यामुळे टोरोंटो किंवा लंडनहून फोन पाठवणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हा अनुभव येत नाही, आणि आला नाही म्हणून ते आपल्याला सावधही करत नाहीत.

न्यायालयात जाण्याची वाटही अरुंद आहे. कॅलिफोर्नियातल्या कॉन्सेप्सिऑन दांपत्याला ‘फुकट’ म्हणून दिलेल्या फोनवर ३०.२२ डॉलर विक्रीकर लावला गेला, त्यांनी दावा लावला, आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ एप्रिल २०११ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी एटी अँड टीच्या बाजूने निकाल दिला, की करारात लवादाचे कलम असेल, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी लवादापुढे नेण्याची अट असेल, आणि अनेक ग्राहकांनी मिळून करायच्या सामूहिक दाव्याला मनाई असेल तर ती मनाई लागू राहते. तीस डॉलरसाठी एकटा माणूस वकील लावत नाही हे कंपन्यांना चांगले ठाऊक आहे. आमच्या करारातही ते कलम होते, अगदी ठळक अक्षरांत.

जे थोडेफार हाती लागले ते एफसीसीकडे, म्हणजे दूरसंचार आयोगाकडे, केलेल्या तक्रारीमुळे. ही तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क लागत नाही, आणि आयोगाने ती कंपनीकडे पाठवली की कंपनीला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. मी बिलांच्या प्रती, ईमेलने आलेला करार आणि ग्राहक सेवेशी झालेल्या चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. फोनवरचे संभाषण सिद्ध करता येत नाही, चॅट जपून ठेवता येते, म्हणून दुसऱ्या महिन्यापासून मी फक्त चॅटनेच बोलत होते. त्यानंतर कंपनीच्या वरच्या कार्यालयातून फोन आला, तिसरी लाइन रद्द झाली, तिचे आणि विम्याचे पैसे परत मिळाले, आणि क्रेडिटला त्याने काहीही धक्का लागला नाही, म्हणजे व्यवस्थापकाने घातलेली भीती निव्वळ थाप होती. लॉकबाबत मात्र त्यांनी कराराच्या कलमाकडे बोट दाखवले. तो फोन बाबांकडे वायफायवर चालतो आहे आणि बोलण्यासाठी त्यांनी तिथेच दुसरा घेतला आहे.

ज्यांना अमेरिकेतून घरी फोन पाठवायचा आहे त्यांनी तो उत्पादकाच्या स्वतःच्या दुकानातून किंवा वेबसाइटवरून, ‘अनलॉक्ड’ असा पर्याय निवडून घ्यावा. आयफोन असल्यास सेटिंग्जमध्ये जनरल आणि त्याखाली अबाउट उघडून ‘कॅरियर लॉक’ या ओळीपुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे लिहिलेले आहे का ते पाहावे, आणि २०२२ पासूनच्या अमेरिकन आयफोन १४ व त्यानंतरच्या मॉडेलांत सिमचा खाचाच नसतो, तेव्हा घरच्यांना आधी ई-सिम घ्यावे लागेल हेही कळवावे. पुण्या-मुंबईत कोणी ‘यूएसचा पीस’ म्हणून स्वस्तात आयफोन देऊ करत असेल, तर पैसे देण्याआधी हीच ओळ उघडायला लावावी. सिमखाली चिकटवलेली कागदासारखी पातळ चिप दिसली तर तो फोन लॉक आहे आणि चिपच्या युक्तीवर तात्पुरता चालतो आहे असे समजावे. शिवाय मूळ मालकाने तिकडचे हप्ते थकवलेले असले, तर असा फोन कंपनी रीतसर अनलॉक करून देत नाही, मग तुम्ही इकडे कितीही पैसे मोजलेले असोत.