अडखळणारा लॅपटॉप कीबोर्ड: तात्पुरते उपाय आणि बदललेल्या कीबोर्डचा अनुभव

कीबोर्ड बदलून घेतला त्याला आता बरेच महिने झाले. माझं टायपिंग रोजचं आणि भरपूर, तेही बहुतेक इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांसाठीची बटणांची मांडणी) मराठी, त्यामुळे मत द्यायला हरकत नाही. नवा कीबोर्ड चांगला चालतोय. पण बदलायचा निर्णय कसा घ्यायचा, हे सांगणं जास्त कामाचं आहे. ‘बटणं मधूनच चालत नाहीत’ या एका तक्रारीमागे तीन-चार वेगळी दुखणी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

माझ्याकडे ई, डी, सी आणि वरचा 3 ही चार बटणं एकदमच रुसायची. बाकी सगळी ठणठणीत. इनस्क्रिप्टमध्ये ई म्हणजे काना, डी म्हणजे हलन्त, सी म्हणजे म. त्यामुळे ‘मराठी’ टाइप केलं की पडद्यावर ‘रठी’ उमटायचं आणि ‘प्रश्न’चा व्हायचा ‘परशन’. लॅपटॉप जरा तापला की सगळं आपोआप सुरळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

ठरावीक बटणांचा गट असा एकदम जातो तेव्हा धुळीवर संशय घेण्यात फारसा अर्थ नसतो. कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांवर वीज वाहणाऱ्या शाईने आडव्या-उभ्या ओळींची जाळी छापलेली असते. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी ओळ जोडली जाते, आणि त्यावरून कंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड वाचणारी चिप, अक्षर ओळखतो. एक ओळ चिरली, किंवा मदरबोर्डकडे जाणाऱ्या चपट्या रिबन केबलमध्ये तिचा संपर्क कच्चा झाला, की त्या ओळीवरची सगळी बटणं सोबतच जातात. ही ओळ डोळ्यांना दिसणाऱ्या रांगेसारखी सरळ असेलच असं नाही. म्हणून रुसणारी बटणं कागदावर लिहून ठेवावीत. दर वेळी तीच असतील तर धूळ उडवायच्या दाबलेल्या हवेच्या डब्यावर पैसे घालवू नका.

एकच बटण अडकत असेल, दाबल्यावर चिकट लागत असेल किंवा एका दाबात दोनदा उमटत असेल, तर मात्र सफाई करून बघण्यासारखी आहे. लॅपटॉप बंद, तिरका धरलेला, हवा थोडी थोडी. बटणाची टोपी काढायची असेल तर खालच्या कात्रीसारख्या क्लिपा फार नाजूक असतात, आणि स्पेसबार-एंटरखाली तारेचा आधार असतो, तो परत बसवताना घाम फुटतो. मी त्या दोघांना हात लावत नाही. काही सांडलं असेल तर द्रव त्या पत्र्यांच्या मध्ये ओढला जातो आणि वरून कितीही पुसलं तरी तिथपर्यंत पोचत नाही.

हे सगळं करण्याआधी विंडोजमधली फिल्टर कीज ही सोय बंद आहे ना, ते बघा. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की ती चालू करण्याचा शॉर्टकट आहे, आणि चालू झाली की झटपट दाबलेली बटणं विंडोज सरळ दुर्लक्षित करतं. बटण दाबून धरलं तरच अक्षर येतं. हुबेहूब हार्डवेअरचा बिघाड वाटतो! तसं नसेल तर लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारा सेटिंग्जचा पडदा) जा आणि जिथे काही टाइप करता येतं तिथे तीच बटणं दाबून बघा. तिथेही अडखळत असतील तर ड्रायव्हर काढून टाकणं, अपडेट, रीसेट यातलं काहीही करू नका. विंडोज त्या वेळी सुरूच झालेलं नसतं, मग त्याचा दोष कसा?

आणखी एक गोष्ट लोक विसरतात: बॅटरी. फुगलेली बॅटरी कीबोर्डला खालून रेटते. टचपॅड वर आलेलं दिसलं किंवा लॅपटॉप टेबलावर डुलत असला तर बटणांचं राहू द्या, आधी चार्जिंग बंद करून बॅटरी बदला.

माझ्या बाबतीत बॅटरी सोडवून रिबन काढली, कनेक्टरचं लॉक उघडून ती पुन्हा नीट बसवली. काही आठवडे निभावलं, मग ये रे माझ्या मागल्या. बदली कीबोर्ड येईपर्यंत पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या मोफत सॉफ्टवेअरमधल्या कीबोर्ड मॅनेजरने डीचं काम कॅप्स लॉकला दिलं आणि ते अपेक्षेपेक्षा छान जमलं. एकच अडचण: लॉगिनच्या पडद्यावर ही अदलाबदल चालत नाही. पासवर्डमध्ये डी असेल तर तिथल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी खुणेतून पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा लागतो.

डिझाइनमुळेही हे होतं, बरं का. अ‍ॅपलने 2015 मध्ये आणलेल्या बटरफ्लाय कीबोर्डमध्ये अक्षरं न उमटण्याच्या आणि दोनदा उमटण्याच्या इतक्या तक्रारी आल्या की 2018 मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. 2019 च्या अखेरीस 16 इंची मॅकबुक प्रोमध्ये ते पुन्हा कात्री पद्धतीकडे वळले.

आता नव्या कीबोर्डबद्दल. मूळ कंपनीचा नाही, त्या मॉडेलला बसणारा आहे. एकही बटण आजवर अडखळलेलं नाही. दाब सुरुवातीला कडक वाटला, नंतर सवय झाली. स्पेसबार डाव्या टोकाला दाबला की खडखडतो. खरी कुरबुर वेगळीच आहे. माझ्या मॉडेलमध्ये कीबोर्ड स्क्रूंवर नाही, वितळवलेल्या प्लास्टिकच्या रिवेटांवर बसवलेला होता. ते कापून नवा बसवल्यामुळे जी-एचच्या आसपास तो किंचित लवतो. जोरात टाइप करणाऱ्यांना हे खटकेल. दुरुस्तीला देताना रिवेट आहेत का ते आधीच विचारा, आणि असतील तर वरचं अख्खं कव्हर कीबोर्डसकट बदलण्याचा पर्याय निदान ऐकून घ्या. मागवताना जुन्याच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर जुळवा, एंटरचा आकार बघा. दिव्यांचा कीबोर्ड असेल तर त्याला बहुधा दुसरी, अरुंद केबल असते. ती नसलेला नग बसतो व्यवस्थित, टायपिंगही होतं, फक्त दिवे लागत नाहीत.