सात पिनांचा मुलार्ड

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको. जुना सेट दुरुस्तीला दिला आणि फसलो, त्यात गेले 54,850 रुपये. त्यातले 51,450 त्या दुरुस्तीवाल्या माणसाच्या खात्यात गेले आणि 3,400 सेट पोचवायच्या-आणायच्या गाडीला. एकतीस वर्षं बँकेत काढली, लोकांच्या चेकवरच्या सह्या डोळ्यांत तेल घालून तपासल्या, आणि निवृत्तीनंतर असा आपटलो. बायको यावर काहीच बोलत नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

सेट म्हणजे मॅरँट्झ 2230 रिसीव्हर, रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच खोक्यात. धाकट्या काकांनी 1973 साली कुवेतहून आणलेला. चॅनलला तीस वॅट, आणि डायल पेटली की खोलीत निळसर उजेड. अलीकडे डावा चॅनल मधूनच गुरगुरायला लागला होता. इतक्या जुन्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) सुकलेले असतात, ते बदलावे लागतात, एवढं मला कळतं. मी काही अगदीच अडाणी नाही. मग वाटलं, उघडतोच आहोत तर व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असायच्या, त्यांचा) प्रीॲम्पही लावून घेऊ, म्हणजे मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधी आवाज सांभाळणारा डबा. 2230 ला मागे प्री-आउट (प्रीॲम्पमधून बाहेर) आणि मेन-इन (मुख्य ॲम्प्लिफायरमध्ये आत) अशी भोकं वेगवेगळी आहेत, मधे जोडायला यू आकाराच्या दोन पिना. त्या काढायच्या, पुढचं नाजूक काम व्हॉल्व्हकडे द्यायचं आणि स्पीकर हलवायचं काम मॅरँट्झच्या ट्रान्झिस्टरांकडे ठेवायचं. कल्पनेत काही खोट नव्हती, हे मी आजही भांडून सांगेन.

माणसाचं नाव तिघा शौकिनांनी सुचवलं. (त्यातल्या दोघांचे सेट त्याच्याकडेच अडकून पडलेत, हे नंतर कळलं. तेव्हा बोलायला काय झालं होतं?) मुंबईच्या उपनगरातला फ्लॅट, भिंतभर रेकॉर्डी, कोपऱ्यात स्पूलचा टेपरेकॉर्डर. "काका, हे मशीन कुणी कितीही दिले तरी विकू नका हं," असं म्हणणाऱ्या माणसावर तुम्ही तरी संशय घेतला असता का?

ॲडव्हान्स 18,000. आठवड्यानं फोन आला : इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातली, न वापरलेली, मुलार्ड कंपनीच्या ईसीसी 83 व्हॉल्व्हची जोडी मिळतेय, दुसरं गिऱ्हाईक बसलंय, संध्याकाळपर्यंत सांगा. 14,500. ते दुसरं गिऱ्हाईक कायम बसलेलंच असतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! मग अडतीस कपॅसिटर, 6,200. प्रीॲम्पचा डबा आणि खास गुंडाळून घेतलेला ट्रान्सफॉर्मर, 9,750. शेवटी जोडी 'मॅच' करायचे, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकसारखे जुळवायचे, 3,000. सगळं यूपीआयवर. बिल मागितलं तर म्हणाला, "मग जीएसटी लावू का काका?" आणि मी, बँकवाला, "नको नको" म्हणालो. हे लिहिताना कान तापतायत. जातात ते अठरा टक्के जाऊ द्या, पण बिल घ्या.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही ती त्याच्यामुळे.

आमच्या घरी मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं की डायल उजळायची आणि मग बराच वेळ काहीच नाही. मागच्या जाळीतून काचेतला तांबूस ठिपका हळूहळू मोठा होताना दिसायचा. आई म्हणायची, "तापू दे रे त्याला." मग विविध भारती लांबून चालत आल्यासारखी यायची. व्हॉल्व्हच्या आतला कॅथोड तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, त्याला दहा-वीस सेकंद लागतातच. हे मला शिकवावं लागत नाही, माझ्या हाडात आहे ते.

सेट न्यायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी हातात होती. त्यानं रेकॉर्ड फिरत ठेवली, सुई टेकवली आणि प्रीॲम्पचं बटण खटकन दाबलं. दाबताक्षणी दोन्ही व्हॉल्व्ह केशरी झाले, आणि दाबताक्षणी भीमसेनांचा आवाज. एक सेकंद नाही, अर्धा नाही. आणि मी काय म्हणालो? "वा!" तोंडात पोहे होते.

चार तासांचा प्रवास झाला होता, डोक्यावर ऊन होतं, काकांची आठवण येत होती, सगळं खरं. पण कान तर शाबूत होते ना? डबा उचलला तर टिफिनइतका हलका. 9,750 चा ट्रान्सफॉर्मर त्यात कुठे असणार? वायर बघितली तर बारा व्होल्टचा अडॅप्टर. ईसीसी 83 नीट चालवायचा तर दोन-अडीचशे व्होल्ट लागतात. हेही माहीत होतं. गाडीत बसेपर्यंत एकही गोष्ट डोक्यात आली नाही.

तेविसाव्या दिवशी डावा चॅनल गेला. भाचा आला होता, डिप्लोमा करतोय. उजव्या बाजूवर गाणं चालू असतानाच त्यानं एक व्हॉल्व्ह सॉकेटमधून उपटला. गाणं चालू. दुसरा उपटला. गाणं चालूच. "मामा," एवढंच म्हणाला तो. सॉकेटच्या भोकाखाली केशरी एलईडी जळत होते आणि खरं काम बोर्डावरची आठ पायांची एनई 5532 आयसी, म्हणजे साधी चिप, करत होती.

व्हॉल्व्ह हातात घेऊन पिना मोजल्या. सात. ईसीसी 83 ला नऊ असतात. तो 6जे1 नावाचा वेगळाच चिनी व्हॉल्व्ह, त्यावर पांढऱ्या रंगात 'मुलार्ड' छापलेलं. ते छापणं कुणीही करेल. अस्सल ब्लॅकबर्नच्या मालावर काचेच्या बुडाशी करड्या अक्षरांत बारीक कोड असतो, त्याचा फोटो मागा, नुसत्या नावाचा नको. मुलार्ड नावाचे व्हॉल्व्ह आज रशियातल्या सारातोवलाही बनतात, ते वाईट नाहीत, पण ते जुन्या इंग्लिश मालाच्या भावानं घेऊ नका.

इथे पुण्यात पासोड्या विठोबाच्या बोळात एक म्हातारे मेकॅनिक आहेत. त्यांनी सेट उघडून दाखवला : अडतीसपैकी चार कपॅसिटर बदललेले, तेही झाकण काढल्यावर पहिले दिसतील असे. बाकी सगळे कारखान्यातून आलेल्या गोंदात बसलेले. यू पिनांची जोडीही गायब. त्यांनी तांब्याच्या तारेच्या वाकवून दिल्या. दुरुस्तीचे 7,300 घेतले, बिल न मागता दिलं. (हे वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.) सेट देण्याआधी आतल्या प्रत्येक बोर्डाचे फोटो काढून ठेवा, मी काढले नव्हते.

आणि मग सुरू झाली वरात. बँकेत गेलो. माझ्याच जुन्या पेशातली पोरगी म्हणाली, "सर, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार?" चौकीत गेलो तर हवालदारसाहेबांनी विचारलं, "ओटीपी दिला होता का?" नाही. "लिंक दाबली होती का?" नाही. "मग फसवणूक कसली?" व्हॉल्व्ह टेबलावर ठेवून पिना मोजून दाखवल्या. त्यांनी एक उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "काका, गाणं तर वाजतंय ना?" मग हद्दीचं निघालं. माणूस तिकडचा, तिकडे जा. तिकडे गेलो, तर पैसे पुण्यातून गेलेत, पुण्यात जा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 कलमाप्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी नोंदवून घ्यावा लागतो. प्रिंट काढून नेलं होतं. त्यांनी ते उलटं करून त्यावर कुणाचा तरी फोन नंबर लिहून घेतला. फसवणुकीच्या चारशेवीस कलमाचं आता न्याय संहितेत 318 झालंय, हे मीच त्यांना सांगत होतो! तीन फेऱ्यांनंतर साधा अर्ज घेतला, शिक्का मारला, पुढे शून्य. "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा." जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, हे खरं. पण पहिला प्रश्न तोच : बिल कुठाय? चॅटचे एकोणसाठ पानी प्रिंट जोडलेत. दोन तारखा पडल्या, दोन्ही वेळा समोरचा आला नाही.

पैसे गेल्याचं त्याच दिवशी लक्षात आलं तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, चौकी नंतर. मला कळायलाच तेवीस दिवस लागले.

त्याला फोन केला होता. "काका, ट्यूबला गॅरंटी नसते," म्हणाला. आम्ही व्हॉल्व्ह म्हणायचो, तो ट्यूब म्हणतो. सात पिनांबद्दल विचारलं तेव्हा फोन ठेवला.

त्याची जाहिरात अजून चालू आहे, आणि तिच्यात फोटो माझ्याच रिसीव्हरचा आहे. निळी डायल, लाकडी खोक्याच्या उजव्या कोपऱ्यावर काकांच्या सिगारेटचा चटका, वाटाण्याएवढा. तो डाग दिसला तर समजा तोच माणूस. 'मुलार्ड'च्या जोडीचा भाव आता 16,000 लिहिलाय.