वायफाय शिकवायला स्लाइडचं टेम्प्लेट: गडद की पांढरं?
लातूर-नांदेडकडं दुपारच्या तासाला वर्गात ऊन भरलेलं असतं. गडद निळ्या टेम्प्लेटवरच्या चमकत्या लहरी लॅपटॉपवर झकास दिसतात, पडद्यावर मात्र सगळं राखाडी. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. काळ्याच्या जागी तो उजेडच टाकत नाही आणि ती जागा ऊन भरतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं टिकतात, २८ पॉइंटची ठेवा.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले चॅनल (लहरींचे नंबर दिलेले भाग) १, ६, ११ पांढऱ्यावर तीन सुट्या कमानींनी काढा. मग ३ नंबरची कमान तुटक रेषेनं टाका. ती १ आणि ६ दोन्हींवर चढते, पोरांना अडथळा डोळ्यांनीच दिसतो.

गडद टेम्प्लेट टीव्ही असलेल्या खोलीतच वापरा. फॉन्ट दोन्हींत एम्बेड करा, म्हणजे फाईलमध्येच साठवा, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ओळी सरकतात.