५० एमएमची साधी लेन्स, देवगडचा सडा आणि दोन दीर्घिका : चौदा महिन्यांनंतर

ही लेन्स मी घेतली ती बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो काढायला. ५० एमएम, एफ/१.८, प्लॅस्टिकची बॉडी, दहा हजारांच्या आत. या जातीची लेन्स जवळपास प्रत्येक कंपनीची मिळते, तेव्हा माझी कोणती ते सोडा. साखरपुडा उरकला, फोटो बरे आले, आणि त्यानंतरचे चौदा महिने ती देवगडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दव खातेय.

आधी निकाल सांगतो, मग रडगाणं. ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नाही, दुर्बीण नाही. साधा ट्रायपॉड, २४ मेगापिक्सेलचा क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरवाला जुना कॅमेरा आणि ही लेन्स. एवढ्यावर देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१, आणि त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ एकाच फ्रेममध्ये येतात. आकाशात दोघींमध्ये साधारण १५ अंशांचं अंतर, आणि माझ्या कॅमेऱ्यावर ही लेन्स २५ बाय १७ अंश दाखवते. युक्ती एकच : मिराक हा तारा फ्रेमच्या मधोमध धरायचा. तो दोघींच्या जवळजवळ मध्यावर आहे. लांब बाजू त्या रेषेत आणली की झालं. हे कळेपर्यंत माझ्या तीन रात्री शर्मिष्ठा तारकासमूहावरून खाली उतरत अंदाजपंचे नेम धरण्यात गेल्या.

सेटिंग्ज विचारणारे बरेच असतात म्हणून : एफ/२.८, आयएसओ १६००, ४ सेकंद, ४०० फ्रेम. तारे न ओढले जाता शटर किती सेकंद उघडं ठेवता येईल यासाठी ५००ला फोकल लेन्थ आणि सेन्सरच्या क्रॉपच्या पटीने भागायचा जो नियम सांगतात तो इथे ६ सेकंद देतो, पण ६ सेकंदांना तारे बासमतीच्या दाण्यांसारखे लांबट येतात. माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल म्हणजे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), आणि आकाश सेकंदाला जास्तीत जास्त तेवढंच सरकतं. देवयानी बरीच उत्तरेला असल्यामुळे तिथे जरा कमी. त्यामुळे ४ सेकंदांत तीनेक पिक्सेलची ओढ येते, ती मी चालवून घेतो. शंभर फ्रेम झाल्या की मिराक पुन्हा मध्यावर आणायचा. घरी सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फ्रेम एकावर एक रचल्या की सिग्नलच्या मानाने नॉइज विसाव्या हिश्शावर येतो. शटर किती झिजलं ते विचारू नका.

एफ/१.८ वर, म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं असताना, मात्र कोपऱ्यातले तारे पंख पसरलेल्या बगळ्यांसारखे दिसतात. एफ/२.८ ला बगळे बसतात. त्या वेळी लेन्सचं भोक १८ मिलिमीटरचं उरतं, रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान, आणि २५ लाख वर्षं चाललेला उजेड त्यातून आत येतो. हे मी पहिल्यांदा हिशोब करून पाहिलं तेव्हा जरा वेळ गप्पच बसलो.

आता रडगाणं. फोकसची रिंग इलेक्ट्रॉनिक आहे. कॅमेरा झोपला की ती नुसतीच गरगरते, आणि अंतराचे आकडे तिच्यावर नाहीतच. लाइव्ह व्ह्यू दहापट करून ब्रह्महृदय ताऱ्यावर फोकस लावायचा आणि रिंगवर इन्सुलेशन टेप मारायची. एकदा टेप विसरलो, अंधारात अंगठा लागला, आणि ३०० फ्रेमभर मेदूवडे.

पण खरा वैरी दव. पहिल्या नोव्हेंबरात दिवाळीचा धूर निवल्यावर एका स्वच्छ रात्री सड्यावर गेलो. सगळं लावून कातळावर चटई टाकली, थर्मासातला चहा प्यायलो. साडेअकराला फ्रेम तपासल्या. पहिल्या ऐंशी झकास. मग एकेका ताऱ्याभोवती वलय, शंभराव्या फ्रेममध्ये मिराक कापसाचा बोळा, आणि दीडशेनंतर नुसती करडी पाटी. काचेला बोट लावलं तर ओली गच्च. शर्टाने पुसली, ही घोडचूक. खाऱ्या हवेचा थर काचेवर फासला गेला, तो घरी नीट साफ करीपर्यंत तसाच होता. त्यानंतर साडेसातशे रुपयांचा यूएसबीवर चालणारा गरम पट्टा आणला. तो लेन्सच्या तोंडाशी गुंडाळतो, पॉवर बँक ट्रायपॉडला टांगतो. तेव्हापासून एकही रात्र दवाने खाल्ली नाही. किनाऱ्यावर राहत असाल तर आधी हा पट्टा घ्या, ट्रॅकरचं नंतर बघा. आणि एरवी लेन्स सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर एका पावसाळ्यात आत बुरशी धरते.

ट्रॅकरचं घोडं माझ्याकडे वेगळ्याच कारणाने अडलंय. तो ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि देवगडहून ध्रुव क्षितिजापासून फक्त १६ अंश वर. माझ्या अंगणातून तिथे शेजारच्या काकांची हापूसची कलमं आहेत. सड्यावरून दिसतो, पण तिथवर आणखी चार किलो वजन नेणार कोण?

मिळतं काय? एम ३१ प्रत्यक्षात पौर्णिमेच्या चंद्राच्या सहापट लांब, पण माझ्या सहा हजार पिक्सेलच्या रुंदीत ती सातशेच्या आसपास भरते. पिवळसर गाभा, तिरकी लंबगोल चकती, धुळीची एक काळी रेघ, शेजारी एम ११० या तिच्या छोट्या सोबतीण दीर्घिकेचा ठिपका. एम ३३ फारच फिकी, माहीत असेल तरच सापडते. अल-सूफी या पर्शियन खगोलशास्त्रज्ञाने ९६४ साली देवयानीतली दीर्घिका छोटा ढग म्हणून नोंदवली होती. आमच्या आजीने लॅपटॉपवर बघून विचारलं, "ह्यां काय? काचेक बोट लागला काय?"

डिसेंबरात मध्यरात्रीनंतर दोघी पश्चिमेला कलतात, आणि तिकडे समुद्रावर मासेमारीच्या बोटींच्या दिव्यांची पांढरी झाक असते. म्हणून मी बाराच्या आत आवरतो.

मोठा मॅगेलनी मेघ, म्हणजे दक्षिण आकाशातली आपल्या शेजारची छोटी दीर्घिका, राहिलाय. इथून तो दक्षिणेला जेमतेम चार अंश वर येतो, पौष अमावास्येच्या सुमारास रात्री दहाच्या आसपास. गेल्या वर्षी दीपगृहाकडच्या कड्यावरून दक्षिणेला समुद्रावर ही लेन्स रोखून दोनशे फ्रेम काढल्या. रचल्यावर खाली धुरकट पट्टा, त्यात तीन ट्रॉलर. यंदाही अमावास्येला जाणार आहे, गरम पट्टा घेऊन.