हेर्मन कॉख: आधी 'द डिनर' की 'समर हाऊस'?

डच कादंबरीकार हेर्मन कॉखचं एकच पुस्तक वाचायचं तर कोणतं, असं विचारलं की बहुतेक जण 'द डिनर'चं नाव घेतात. ते साहजिकच आहे. २००९ साली डचमध्ये आलेल्या या कादंबरीनं त्याला जगभर नेलं आणि तिच्यावर नेदरलँड्समध्ये, इटलीत, अमेरिकेत चित्रपटही निघाले. माझं मन मात्र हळूहळू २०११ च्या 'समर हाऊस विथ स्विमिंग पूल'कडे वळलं. दोन्ही मी सॅम गॅरेट यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचली, म्हणून मूळ डचबद्दल काही बोलत नाही. शेवटही फोडत नाही, पण 'द डिनर'च्या मधल्या भागातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही.

'द डिनर'ची बैठक अप्रतिमच आहे. ॲमस्टरडॅममधलं महागडं रेस्टॉरंट, दोन भाऊ, दोघांच्या बायका. एक भाऊ उद्याचा पंतप्रधान, दुसरा, म्हणजे गोष्ट सांगणारा पॉल, नोकरीतून बाजूला झालेला इतिहासाचा शिक्षक. त्यांच्या मुलांनी एटीएममध्ये झोपलेल्या एका बेघर बाईच्या बाबतीत काहीतरी भयंकर केलंय आणि त्याचं काय करायचं हे ठरवायला सगळे जमलेत. बोलणं मात्र त्या विषयावर येतच नाही. मॅनेजर करंगळी ताटाच्या अगदी जवळ नेऊन ऑलिव्ह कुठले, तेल कुठलं हे सांगत राहतो, आणि त्या करंगळीचा पॉलला येणारा राग आपल्यालाही येऊ लागतो. कॉख 'यिस्केफेट' या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाच्या कर्त्यांपैकी एक होता. कुणाला किती वेळ बोलू द्यायचं आणि कुठे तोडायचं याची जाण इथे पानोपानी दिसते. मी हे पुस्तक एका बैठकीत संपवलं. 'समर हाऊस'चं तसं झालं नाही, त्याला सुरुवातीला थोडा धीर धरावा लागतो.

मग अडलं कुठे? पॉलच्या आजारापाशी. पुढे कळतं की पॉलला मेंदूचा काही विकार आहे आणि तो मुलाकडे जाण्याची शक्यता आहे. विकाराचं नाव तो सांगत नाही, तुम्हाला काय करायचंय अशा सुरात विषय बंद करतो. ही लपवाछपवी त्याच्या स्वभावाला धरून आहे, हे मान्य. पण त्या क्षणी माझ्या हातून पुस्तक निसटलं. तोवर मी पॉलच्या बाजूनं विचार करत होतो, माझ्या मुलानं असं केलं तर मी काय करीन हा प्रश्न स्वतःला विचारत होतो. आजार आला आणि मला सुटका मिळाली: हा माणूस आजारी आहे, मी नाही. कॉखला ही गोष्ट सुचली ती बार्सिलोनात २००५ साली खरंच घडलेल्या घटनेवरून, आणि त्या घटनेतली सगळ्यात हादरवणारी गोष्ट हीच होती की मुलं कुणाच्याही घरातली असू शकली असती. रक्तातल्या दोषानं तीच धार बोथट होते, असं मला वाटतं. काही जाणत्या वाचकांना नेमका हाच भाग आवडतो, त्यांचं म्हणणं मी खोडून काढत नाही.

'समर हाऊस'मधल्या मार्क श्लोसरला असली कुठलीही सवलत नाही. तो फॅमिली डॉक्टर आहे, शुद्धीवरचा, यशस्वी, दोन मुलींवर जीव टाकणारा. नेदरलँड्समध्ये स्पेशालिस्टकडे जायचं तर आधी याच डॉक्टरची चिठ्ठी लागते, त्यामुळे त्याच्या हातात किती सत्ता आहे ते लक्षात घ्या. प्रत्येक पेशंटला तो वीस मिनिटं देतो. दुखणं त्याला पहिल्या मिनिटातच कळलेलं असतं, उरलेला वेळ तो ऐकण्याचा अभिनय करतो आणि समोरच्या शरीराची त्याला किळस येत असते. त्याचा प्रसिद्ध पेशंट, नट राल्फ मायर, मेलाय आणि मार्कला वैद्यकीय मंडळापुढे जाब द्यायचाय, हे आपल्याला सुरुवातीलाच सांगून टाकलेलं असतं. राल्फ मार्कच्या बायकोकडे कसा बघतो हे दिसूनही मार्क कुटुंबाला घेऊन त्याच्याच उन्हाळी घराच्या आसपास सुट्टीला जातो, कारण राल्फची बायको त्याला हवीशी वाटते. इतकी साधी, ओळखीची हाव. पुढचं सगळं तिच्यातून उलगडत जातं आणि बोट दाखवायला आजार कुठेच सापडत नाही. हे वाचल्यानंतर माझ्या डॉक्टरांनी मान डोलावली की ते खरंच ऐकतायत का, असा विचार कितीतरी दिवस मनात येत राहिला. 'द डिनर'नं माझ्या रोजच्या जगण्यात असा शिरकाव केला नाही.

दोष त्यातही आहेत. मार्कच्या जुन्या प्राध्यापकाची बायका-पुरुषांबद्दलची व्याख्यानं लांबतात आणि बायकांबद्दलची काही वाक्यं घशाखाली उतरत नाहीत. शिवाय डॉक्टरच्या किशोरवयीन मुलीवर अत्याचार होतो. तो विषय वाचणं सध्या झेपणार नसेल तर बिनदिक्कत 'द डिनर' घ्या. एका रात्रीच्या प्रवासात संपेल असं पुस्तक हवं असेल, तरीही तेच. नाहीतर 'समर हाऊस' आधी घ्या आणि पहिल्या प्रकरणातला डॉक्टर कितीही नकोसा वाटला तरी सुट्टीचं घर येईपर्यंत तरी खाली ठेवू नका.