ओल्ड स्कूल रूनस्केप: एवढा जुना गेम आत्ता नव्याने खेळायला घ्यावा का?

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू जुन्या खेळाडूंसाठी नाहीये. ज्यांना लम्ब्रिजची (गेममधलं पहिलं गाव) कोंबडी न् कोंबडी ओळखते त्यांनी इथूनच रामराम घ्यावा. हा आहे माझ्यासारख्यांसाठी, ज्यांनी नाव ऐकलंय, यूट्यूबवर कुठेतरी ती चौकोनी हातापायांची माणसं झाडं तोडताना बघितलीत आणि प्रश्न पडलाय की एवढी लोकं या गेममध्ये नक्की बघतात तरी काय.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हा गेम असा का दिसतो ते कळत नाही. मूळ रूनस्केप, म्हणजे एकाच जगात असंख्य लोक एकत्र खेळतात असा ऑनलाइन गेम, जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडात सुरू झाला, अँड्र्यू आणि पॉल गॉवर या भावांनी बनवलेला. ब्राउझरमध्ये चालायचा, इन्स्टॉल काही करावं लागायचं नाही, त्यामुळे शाळा-कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पोरं मास्तरांची नजर चुकवून खेळायची. कंपनीचं नाव जॅगेक्स, केंब्रिजची. पुढे गेम बदलत गेला आणि २०१२ च्या शेवटी लढाईची अख्खी पद्धतच बदलली, तेव्हा जुने लोक जाम भडकले आणि बरेच सोडूनच गेले. मग कंपनीने काय केलं, तर ऑगस्ट २००७ चा एक बॅकअप पडून होता तो बाहेर काढला, लोकांचं मत घेतलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तोच जुना गेम 'ओल्ड स्कूल' नावाने वेगळा चालू केला. तेव्हापासून नवीन काही मोठं आणायचं असलं की खेळाडूंचं मतदान होतं आणि ७० टक्के लोक हो म्हणाले तरच ते गेममध्ये येतं. मत मात्र पैसे भरणाऱ्या मेंबरनाच देता येतं, फुकट्यांनी नुसतं बघायचं.

तर ग्राफिक्सबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. माझा भाचा माझ्या मोबाइलमध्ये डोकावून म्हणाला, "मामा, हे अजून लोड व्हायचंय का?" त्याला म्हटलं नाही रे बाबा, झालंय लोड, हे असंच आहे. पण त्याचा फायदा हा की साध्यातल्या साध्या फोनवर आणि माझ्या ऑफिसने भंगारात काढलेल्या लॅपटॉपवर सुद्धा मख्खन चालतो. २०१८ च्या ऑक्टोबरपासून मोबाइलवर आहे, आणि काटछाट केलेली वेगळी मोबाइल आवृत्ती वगैरे काही नाही, तेच खातं, तेच जग, घरी कॉम्प्युटरवर जिथे थांबलात तिथूनच लोकलमध्ये फोनवर पुढे चालू. नेटवर्क गेलं तर लढाईत मरायची भीती असते हे खरं, म्हणून प्रवासात मी फक्त मासे पकडतो.

सुरुवात होते ट्युटोरियल आयलंडवर. एकेक शिक्षक भेटतो आणि हाताला धरून शिकवतो, झाड तोड, शेकोटी पेटव, कोळंबी पकडून भाज, पाव कर, तांबं आणि कथील वितळवून ब्राँझची सुरी बनव, एक उंदीर मार, आणि शेवटी एका बिचाऱ्या कोंबडीवर जादू सोड. इथपर्यंत सगळं छान बाण दाखवून चाललेलं असतं. मग तुम्हाला लम्ब्रिज नावाच्या गावात सोडतात आणि तिथून पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब. म्हणजे अक्षरशः. आता काय करायचं, कुठे जायचं, शत्रू कोण, जगाला वाचवायचंय की नाही, कोणी काही विचारत नाही. बाकीच्या गेममध्ये पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही निवडलेले महापुरुष असता आणि राजा येऊन पाया पडतो. इथे वाड्यात गेलात तर आचारी भेटतो आणि त्याला अंडं हवं असतं.

आणि खरं सांगायचं तर त्या आचाऱ्यापाशीच ठरतं की हा गेम तुमचा आहे की नाही. वाड्याच्या मालकाचा, म्हणजे ड्यूकचा वाढदिवस आहे, केक करायचाय आणि हा माणूस सामान आणायला विसरलाय, म्हणून तुम्ही एक अंडं, एक बादली दूध आणि एक मडकं पीठ आणायचं. ऐकायला किरकोळ वाटतं पण गावातल्याच दुकानात जाऊन पीठ घेतलं आणि आलो असं काम नाही (ग्रँड एक्सचेंज नावाच्या खेळाडूंच्या बाजारात मिळतं, पण मग खेळताय कशाला). मडकं तिथेच स्वयंपाकघरात मिळतं. मग गावाबाहेर शेतात जाऊन गहू उपटायचा, शेजारच्या पवनचक्कीत जायचं, शिड्या चढून सगळ्यात वरच्या मजल्यावर, तिथे गहू टाकायचा, मग लिव्हर ओढायचा, आणि लिव्हर ओढल्यावर मला वाटलं पीठ माझ्या हातात येईल, तर नाही, पीठ खाली पडतं, म्हणून परत सगळ्या शिड्या उतरून तळमजल्यावरच्या पेटीतून ते मडक्यात भरायचं. एवढं सगळं करून केक झाला की बक्षीस काय, तर थोडा कुकिंगचा अनुभव (म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण) आणि त्या आचाऱ्याची चूल वापरायची परवानगी. पण ती चूल खरंच कामाची आहे, तिच्यावर पदार्थ कमी करपतात! हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो सांगूनही पटणार नाही. जर हा परिच्छेद वाचून तुम्हाला कंटाळा आला असेल तर सरळ दुसरा गेम बघा, पुढे पण असंच आहे.

ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी पुढे.

क्वेस्ट, म्हणजे गोष्टीसकट मिळणारी आचाऱ्याच्या केकसारखी कामं, हा या गेमचा जीव आहे. अमुक दहा लांडगे मारून ये, तमुक वीस कातडी आण, असल्या यादीवाल्या क्वेस्ट फार कमी आहेत (मेंढ्यांची लोकर कातरून वीस गुंडे करून देणारी एक आहे, पण त्यातला शेतकरी एवढा खडूस बोलतो की माफ). एका क्वेस्टमध्ये भूत आहे, त्याचं बोलणं आपल्याला नुसतं ऊऊऊ ऐकू येतं, मग दलदलीत राहणाऱ्या एका चिडक्या साधूकडून भुताची भाषा कळणारं ताईत आणायचं आणि मग त्याची हरवलेली कवटी शोधायची. संवाद सगळे इंग्रजीत आहेत आणि तो तिरकस ब्रिटिश विनोद आहे, भराभर क्लिक करून पुढे गेलात तर तो हातचा जातो आणि नंतर कुठे जायचं तेही कळत नाही. वाचावं लागतं. मला हेच आवडलं.

आता कष्टाचा भाग. फुकटात पंधरा स्किल्स आहेत, लाकूडतोड, मासेमारी, खाणकाम, लोहारकाम, स्वयंपाक, तलवार, धनुष्य, जादू वगैरे, आणि प्रत्येकाची लेव्हल १ पासून ९९ पर्यंत (फक्त हिटपॉइंट्स, म्हणजे किती मार सोसता ते, तेवढे १० पासून). सुरुवातीच्या लेव्हल भराभर फटाके फुटत येतात, खरंच फटाके फुटतात डोक्यावर, आणि माणूस खूश होतो. पण ९९ ला लागतो १,३०,३४,४३१ इतका अनुभव, आणि त्याच्या निम्मा कुठे होतो माहितीये का, लेव्हल ९२ ला! म्हणजे ९२ पर्यंत पोचलात की अर्धं काम झालं, फक्त अर्धं. हे कळल्यावर मी ९९ चा विषयच डोक्यातून काढला. सध्या बार्बेरियन व्हिलेजच्या नदीवर ट्राउट मासे पकडतो, मिटिंग म्यूट करून. ज्यांना "एंडगेम", म्हणजे गेमचा शेवटचा अवघड भाग, गाठायची घाई असते त्यांची इथे चिडचिड होणार, लिहून देतो.

लढाई बघायला एकदम मठ्ठ आहे. शत्रूवर क्लिक करा, तो एक मारणार, तुम्ही एक मारणार, मध्ये भूक लागल्यासारखे मासे खायचे. गेमचं सगळं घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं, त्याला टिक म्हणतात, त्यापेक्षा जलद काही होतच नाही. नवख्याला हे जुनाट वाटतं पण आपल्याकडे याचा एक मोठा फायदा आहे, सर्व्हर युरोपातला असला तरी पिंगची (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेची) बोंब होत नाही. नेमबाजीच्या गेममध्ये १५० पिंगला आपण मेलेलो असतो हे आपल्याला उशिरा कळतं, इथे तेवढ्यात मासा खाऊन होतो. पुढे मोठ्या बॉसना, म्हणजे तगड्या शत्रूंना, हेच ठोके मोजून लोक नाचवतात म्हणे, ते व्हिडिओ बघितले तर अंगावर काटा येतो, पण ते आपल्यापासून कोसो दूर.

व्हॅरॉक शहराच्या वायव्येला ग्रँड एक्सचेंज आहे, सगळ्या खेळाडूंचा सामायिक बाजार, तुम्ही भाव टाकायचा आणि कोणीतरी घेईपर्यंत वाट बघायची. तिथली गर्दी म्हणजे दिवाळीच्या आधीची तुळशीबाग. प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरात काहीतरी ओरडणं चालू असतं आणि त्यात "पैसे दुप्पट करून देतो" वाले भाऊ हमखास. पहिल्यांदा छोटी रक्कम खरंच दुप्पट करून देतात, मग मोठी दिलीत की गायब. दुसरे असतात ते म्हणतात तुझं चिलखत दे, फुकटात सोनेरी काठ लावून देतो. तिसरे मैत्री करून "चल भारी जागा दाखवतो" म्हणत उत्तरेला विल्डरनेसमध्ये नेतात, जिथे खेळाडू खेळाडूला मारू शकतो आणि तुमच्या अंगावरचा ऐवज त्याचा होतो. चिटफंडवाल्यांच्या देशातली माणसं आपण, फसायला नको खरं तर. इतर ठिकाणी मेलात तर एवढं काही नाही, तुमच्या नावाचा दगड उभा राहतो आणि १५ मिनिटांत परत आलात तर सामान मिळतं. तेवढे व्हॅरॉकच्या दक्षिणेला दगडांच्या वर्तुळात काळे जादूगार उभे असतात, त्यांना नव्या माणसाने लांबूनच वळसा घालावा.

फुकट की पैसे भरून? माझं मत स्पष्ट आहे, आधी फुकट. जगाचा मोठा भाग आणि शेती, चोरी, घरबांधणी, गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबरात आलेलं जहाजवाहतुकीचं नवीन स्किल, हे सगळं मेंबरशिपमध्ये आहे हे मान्य, पण फुकट भाग हा डेमो नाहीये, तिथेच महिनोन्महिने जातील. फुकटवाल्यांचं शेवटचं मोठं काम म्हणजे ड्रॅगन स्लेयर, त्यासाठी आधी क्वेस्ट पुऱ्या करून ३२ क्वेस्ट पॉइंट जमवावे लागतात, मग नकाशाचे तीन तुकडे शोधायचे, मोडकं जहाज विकत घेऊन दुरुस्त करायचं आणि क्रँडॉर बेटावर जाऊन एल्व्हार्ग नावाच्या ड्रॅगनला मारायचं. ड्रॅगनच्या आगीपासून वाचवणारी ढाल देतो तो तोच लम्ब्रिजचा ड्यूक, ज्याच्या केकसाठी तुम्ही गिरणीत चढला होतात. माझी एल्व्हार्ग अजून व्हायचीय, नकाशाचे दोन तुकडे हातात आहेत. ती मेली की मग बघू मेंबरशिपचं. एक बॉन्ड नावाची सोय पण आहे, लोक खऱ्या पैशांनी तो घेऊन गेममधल्या सोन्याला विकतात आणि तो वापरला की १४ दिवसांची मेंबरशिप मिळते, म्हणजे खिशात हात न घालताही मेंबर होता येतं. पण नवीन माणसाने फुकट भागात राबून एवढं सोनं जमवायचं म्हणजे दुसरी नोकरी, त्यापेक्षा खऱ्या नोकरीचे पैसे परवडले.

न आवडलेल्या गोष्टी पण सांगतो. फुकट वर्ल्डमध्ये (एकेका सर्व्हरला वर्ल्ड म्हणतात) बॉट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅम चालवतो ती खाती, भरपूर, एकाच रांगेत एकाच कपड्यातली पाच माणसं एकाच लयीत झाड तोडताना दिसली की समजायचं. त्यामुळेच नव्या फुकट खात्यावर देवाणघेवाणीची बंधनं असतात, थोडे तास खेळून, काही क्वेस्ट करून आणि एकूण लेव्हल १०० करून ती सुटतात, पण तोवर मित्राने दिलेलं सामान घेताना वैताग येतो. मोबाइलवर सामानाचे २८ खाने इतके बारीक दिसतात की जाड बोटांच्या माणसाने मासा खायच्या ऐवजी तलवार काढून ठेवलीच म्हणून समजा. आणि विकी, म्हणजे गेमची माहिती देणारी साइट, उघडल्याशिवाय हा गेम खेळणं जवळपास अशक्य आहे. विकी एक नंबर आहे, खेळाडूंनीच लिहिलेली, पण गेमचं अर्धं शिक्षण बाहेर जाऊन घ्यावं लागतं हे काही गेमचं कौतुक नाही.

सुरू करणार असाल तर कॉम्प्युटरवर रूनलाइट हा फुकट क्लायंट (गेम चालवायचा प्रोग्रॅम) घ्या, त्यात क्वेस्ट पायरी-पायरीने दाखवणारं प्लगइन आहे, पण पहिल्या पाच-सहा क्वेस्ट तरी ते बंद ठेवून करा, नाहीतर गिरणीची मजा गेली. वर्ल्ड निवडताना ज्याच्या पुढे पीव्हीपी (खेळाडू विरुद्ध खेळाडू) लिहिलंय तिथे जाऊ नका. आणि बँकेला चार आकडी पिन लावता येतो तो पहिल्याच दिवशी लावा, जन्मसाल सोडून दुसरं काहीतरी.