जाळी की वाफा?

एप्रिल उलटला की बऱ्याच सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये हा विषय निघतो. पार्किंगचं घाण पाणी पावसाळी गटारात जाऊ नये म्हणून चेंबरला जाळीची टोपली बसवायची, की कडेला खोलगट वाफा करून पाणी आधी त्यात सोडायचं? नेरुळच्या आमच्या सोसायटीत दोन्ही करून झालंय, म्हणून लिहितो.

पावसाळी गटार आणि मलवाहिनी वेगळ्या, हे धरून चालतो. पावसाळी गटारातलं पाणी कुठल्याही प्रक्रिया केंद्रात जात नाही. आमच्या भागातलं ते नाल्यातून धारण तलावात उतरतं, भरतीच्या वेळी झडपा बंद असल्यामुळे तिथेच थांबतं आणि ओहोटीला खाडीत जातं. थांबलं की गाळ खाली बसतो. त्या गाळावर एकदा कांदळवन उगवलं की ते हलवून उपसायला हायकोर्टाची परवानगी लागते. आणि ठाणे खाडी तर २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे.

टोपलीचे फायदे खरे आहेत. अर्ध्या दिवसात बसते, खर्च एवढा कमी की एजीएमपर्यंत जावंसुद्धा लागत नाही. फक्त साध्या लोखंडाची घेऊ नका, खाडीच्या हवेत दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तिचा भुगा होतो. गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, पालापाचोळा ती झकास अडवते. इंजिनाचं तेल, टायरची काळी भुकटी, गाड्या धुतल्याचा साबण मात्र सरळ आरपार.

तेवढ्यावरही मी टोपलीच्या बाजूनेच राहिलो असतो. पण पहिल्याच जूनमध्ये रात्री अडीचच्या सुमारास जोराचा पाऊस आला. आमच्या गेटपाशी दोन गुलमोहर आहेत. पाकळ्यांचा लगदा जाळीला आतून असा लिंपला गेला की पाणी उतरेचना, स्कूटरच्या सायलेन्सरपर्यंत चढलं. वॉचमनने चेंबरचं झाकण काढलं, टोपली ओढून वर घेतली आणि तिथेच उपडी केली. सकाळी पाहतो तर टोपली भिंतीला टेकवून ठेवलेली, स्वच्छ धुतल्यासारखी. आठवडाभर अडवलेलं सगळं एका रात्रीत नाल्यात. त्याला तरी काय बोलणार? लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरलं असतं तर आपणच त्याला धारेवर धरलं असतं. पुढे आभाळ काळं झालं की तो टोपली आधीच काढून ठेवू लागला. म्हणजे ऊन असताना जाळी, पावसात जाळी नाही! रात्री कोणीतरी उठून ती साफ करेल असं तुमच्याकडे असेल, तर हा मुद्दा सोडून द्या. आमच्याकडे नव्हतं.

वाफ्याला भांडण जास्त. दोन स्कूटरची जागा गेली आणि ती कोणाची, यावर अख्खी मीटिंग गेली. आम्ही वीतभर खोल ठेवला, वर वाळू जास्त घातलेली माती, खाली खडी, त्यात भोकं पाडलेला पाइप, पाइपाचं तोंड जुन्याच चेंबरमध्ये. पाणी वाफ्याबाहेर चढू लागलं तर जास्तीचं वरूनच चेंबरमध्ये पडतं, कोणाला उठावं लागत नाही. काही जण शोषखड्डा सुचवतात. भराव घातलेल्या, खाडीजवळच्या जमिनीत जुलैत खालीच पाणी असतं, तिथे तो भरलेलाच राहील असं मला वाटतं. कर्दळ, अळू, वाळा लावलाय. कर्दळीने तर कंपाउंडची भिंत झाकून टाकली.

गेल्या वर्षी पहिल्या पावसाला, म्हणजे आठ महिन्यांचं तेल आणि धूळ धुऊन निघते तेव्हा, वाफ्यात शिरणारं आणि पाइपातून निघणारं पाणी मी दोन बाटल्यांत भरून खिडकीत ठेवलं. एकात कडक चहा, वर तेलाची रंगीत साय. दुसऱ्यात ताकावरच्या निवळीसारखं काहीतरी. ही काही लॅबची तपासणी नव्हे आणि जुलैच्या धो धो पावसात बरंचसं पाणी वरूनच निघून जातं, हेही कबूल.

डासांची भीती सगळ्यांनाच होती. आमचा वाफा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोरडा होतो आणि अळ्यांना वाढायला आठवडा तरी लागतो. पाणी रेंगाळायला लागलं तर वर गाळाची साय धरली असं समजा, माळ्याला खुरप्याने ती खरवडायला सांगा. पावसाळ्यात दोनदा पुरतं. तो गाळ कुंड्यांत घालू नका, तेलकट असतो.

तुमचं सगळं आवार पोडियमवर असेल, खाली मातीच नसेल, तर बहुधा टोपलीच घ्यावी लागेल. तेव्हा एकाऐवजी दोन घ्या, म्हणजे भरलेली काढून रिकामी लगेच ठेवता येईल. आमची मीटररूमच्या मागे आहे, माळी तिच्यात सुका पाला भरतो.